व्हीपीएन जोडलं, शिरोली उघडली. मग गोकुळ शिरगाव का उघडत नाही?

घरून व्हीपीएन (कारखान्याच्या नेटवर्कला इंटरनेटवरून सुरक्षित जोडणारी सोय) जोडलं की पहिल्या प्लॅन्टचं सगळं उघडतं आणि दुसऱ्या प्लॅन्टचं काहीच उघडत नाही, ही तक्रार कोल्हापुरात वारंवार ऐकू येते. इथल्या पुष्कळ कारखान्यांचा कारभार दोन-तीन ठिकाणी वाटलेला असतो. फाउंड्री शिरोली एमआयडीसीत, मशीन शॉप गोकुळ शिरगावला, जुनं ऑफिस उद्यमनगरात किंवा शाहूपुरीत, आणि काहींचा नवा प्लॅन्ट कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीत. प्रत्येक ठिकाणचं नेटवर्क वेगळं. त्यात पंचगंगेचा पूर. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं आणि शिरोलीजवळ हायवेच बंद पडला. अकाउंट्स, पर्चेस, डिस्पॅच हे सगळं घरून चालवता आलं पाहिजे, हे आता इथं कुणाला पटवून द्यावं लागत नाही.

तक्रार साधारण अशी असते: "व्हीपीएन जोडलंय, हिरवं दिसतंय, शिरोलीचं सगळं चालतंय, पण गोकुळ शिरगावचं काय उघडंना झालंय. तिथं तर समदं सुरू हाय म्हणत्यात." यातलं शेवटचं वाक्य नीट ऐकावं. तिथं सगळं खरंच सुरू असतं. शिरोलीच्या ऑफिसात खुर्चीवर बसलेल्या माणसाला गोकुळ शिरगावचा तोच सर्व्हर लगेच उघडतो. मग संशय घरच्या लॅपटॉपवर जातो. लॅपटॉप फॉरमॅट होतो, व्हीपीएनचं सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं जातं, आणि प्रश्न होता तिथंच राहतो. कारण गाडं अडलेलं असतं ते वाटेतल्या एखाद्या फायरवॉलवर, म्हणजे नेटवर्कच्या दारावरच्या पहारेकरी यंत्रावर, कुणीतरी भरायची राहिलेल्या एका ओळीपाशी.

उदाहरणासाठी एक मांडणी धरू. शिरोलीच्या नेटवर्कची रेंज १९२.१६८.१०.०/२४, म्हणजे तिथल्या मशीनचे आयपी (नेटवर्कवरचे पत्ते) १९२.१६८.१०.१ पासून १९२.१६८.१०.२५४ पर्यंत. गोकुळ शिरगावची रेंज १९२.१६८.२०.०/२४. दोन्ही फायरवॉलमध्ये कायमचा आयपीसेक टनेल, म्हणजे इंटरनेटवरून जाणारी कुलूपबंद वाट, आहे, तो व्यवस्थित चालतो. राजारामपुरीत घरी बसलेल्या अकाउंटंट ताई व्हीपीएन जोडतात ते शिरोलीच्या फायरवॉलला. जोडल्यावर त्यांच्या लॅपटॉपला १०.८.०.६ असा एक तात्पुरता आयपी मिळतो. त्यांना उघडायचा आहे गोकुळ शिरगावचा स्टोअर्सचा सर्व्हर, १९२.१६८.२०.१५.

इथं पहिली गोष्ट लक्षात घ्यायची ती अशी, की या मांडणीत दोन नव्हे, तीन नेटवर्क आहेत. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि तिसरं १०.८.० चं, घरून येणाऱ्यांचं. शिरोली आणि गोकुळ शिरगाव एकमेकांना ओळखतात, कारण टनेल टाकताना तशी ओळख करून दिली होती. घरून येणाऱ्यांची ओळख फक्त शिरोलीला आहे. गोकुळ शिरगावला १०.८.० नावाचं काही आहे हेच कुणी सांगितलेलं नसतं. ही एवढी एक गोष्ट डोक्यात बसली, की पुढचं सगळं आपोआप सुटत जातं.

आता राउटिंग म्हणजे काय ते पाहू. पुण्याहून येताना तावडे हॉटेलजवळचा फलक आठवा. कोल्हापूर शहर इकडे, कागल सरळ, गांधीनगर तिकडे. तो फलक तुम्हाला मुक्कामापर्यंतचा सगळा रस्ता सांगत नाही. पुढचं एकच वळण सांगतो. त्या वळणानंतर पुढचा फलक. राउटर नेमकं हेच करतो. पॅकेटवरचा, म्हणजे डेटाच्या छोट्या पुडक्यावरचा, पोहोचण्याचा पत्ता वाचतो, आपल्या टेबलात त्या पत्त्याला जुळणारी ओळ शोधतो आणि त्या ओळीत लिहिलेल्या दिशेला पॅकेट सोडून देतो. पुढं त्याचं काय झालं, याची त्याला फिकीर नसते. टेबलात एकाहून जास्त ओळी जुळत असतील, तर सगळ्यांत नेमकी ओळ जिंकते. एक ओळ म्हणत असेल "उरलेलं सगळं इंटरनेटकडे" आणि दुसरी म्हणत असेल "१९२.१६८.१०.० टनेलकडे", तर १९२.१६८.१०.५ साठी दुसरी ओळ चालणार. नेमकी ओळ नसेल, तर पॅकेट निमूट इंटरनेटकडे जाणार.

आणि पॅकेट गेलं म्हणजे काम झालं असं नाही. उत्तर घेऊन दुसरं पॅकेट परत यावं लागतं. त्याच्यासाठी प्रत्येक राउटर पुन्हा नव्यानं टेबल बघतो, यावेळी १०.८.०.६ या पत्त्यासाठी. जाण्याची वाट आहे म्हणून येण्याची वाट असेलच, असं राउटिंगमध्ये कुठंही लिहिलेलं नाही. दुसऱ्या नेटवर्कच्या तक्रारींत सर्वांत जास्त वेळ याच गोष्टीवर जातो, कारण ती घरच्या स्क्रीनवर दिसत नाही. गेलंच नाही आणि परत आलं नाही, दोन्हीचं दृश्य एकच: टाइम आउट.

म्हणून सुरुवात लॅपटॉपच्या टेबलापासून करायची. विंडोजमध्ये काळ्या कमांड खिडकीत 'राउट प्रिंट' टाकलं की टेबल समोर येतं. व्हीपीएन जोडलेलं असताना त्यात १९२.१६८.१०.० ची ओळ दिसेल, तिचा गेटवे, म्हणजे पुढं जायचं दार, १०.८.०.१. आता १९२.१६८.२०.० ची ओळ शोधा. बहुतेक वेळा ती नसतेच. व्हीपीएन लावणाऱ्यानं त्या वेळी फक्त शिरोलीची रेंज दिलेली असते, कारण त्या वेळी मागणीच तेवढी होती. याला स्प्लिट टनेल म्हणतात: सांगितलेल्या रेंजच टनेलमधून, बाकी सगळं घरच्या इंटरनेटवरून. मग १९२.१६८.२०.१५ साठीचं पॅकेट घरच्या राउटरकडे जातं, तिथून इंटरनेट कंपनीकडे, आणि तिथं त्याचा शेवट होतो. १९२.१६८ ने सुरू होणारे सगळे पत्ते, १० ने सुरू होणारे सगळे, आणि १७२.१६ ते १७२.३१ मधले, हे १९९६ च्या एका मानकानं खासगी वापरासाठी राखून ठेवले आहेत. कुणीही आपल्या घरात वापरावेत, पण बाहेरच्या इंटरनेटवर त्यांना रस्ता नाही.

याची खात्री एका कमांडनं होते. 'ट्रेसर्ट १९२.१६८.२०.१५' टाका आणि फक्त पहिली ओळ वाचा. तिथं घरच्या राउटरचा आयपी दिसला, म्हणजे १९२.१६८.१.१ किंवा जिओफायबर असेल तर बहुधा १९२.१६८.२९.१, तर पॅकेट टनेलमध्ये शिरलंच नाही. गोकुळ शिरगावला फोन करायची गरज नाही, दोष पहिल्याच पायरीवर आहे. पहिली ओळ १०.८.०.१ आली आणि पुढं नुसत्या चांदण्या आल्या, तर पॅकेट शिरोलीपर्यंत गेलं. अडचण त्याच्या पुढं आहे. तासन्‌तास वाचवणारी ही एक ओळ आहे, आणि तक्रार करताना तिचा फोटो काढून पाठवला तर समोरच्या माणसाचं निम्मं काम झालं.

दुरुस्ती लॅपटॉपवर करू नका. 'राउट ॲड' लिहून एका लॅपटॉपचं काम निघतं, पण मग दुसऱ्याचं, तिसऱ्याचं, आणि लॅपटॉप बदलला की पुन्हा पहिल्याचं. ही ओळ शिरोलीच्या सर्व्हरवर लिहायची, म्हणजे जोडणाऱ्या प्रत्येकाला ती आपोआप मिळते. ओपनव्हीपीएन या व्हीपीएन सॉफ्टवेअरमध्ये सर्व्हरच्या फाइलमध्ये 'पुश राउट' ची ओळ असते. बाजारातल्या तयार फायरवॉलवर स्प्लिट टनेलची यादी असते, तिच्यात रेंज वाढवायची. वायरगार्ड या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र सर्व्हर असं काही पाठवत नाही. लॅपटॉपवरच्या फाइलमधल्या 'अलाउड आयपीज' या ओळीत ती रेंज असावी लागते, म्हणून तिथं नवी फाइलच वाटावी लागते. बदल केल्यावर व्हीपीएन तोडून पुन्हा जोडायचं. चालू जोडणीला नवी ओळ सहसा मिळत नाही.

फुल टनेल ठेवलं, म्हणजे त्या लॅपटॉपचं सगळंच इंटरनेट शिरोलीवरून फिरवलं, तर ही पायरी आपोआप सुटते. पण मग त्या लॅपटॉपवर पोरानं लावलेला व्हिडिओसुद्धा कारखान्याच्या लाइनवरून जाणार. छोट्या कारखान्याला मी स्प्लिट टनेलच सुचवतो.

दुसरी पायरी शिरोलीची फायरवॉल. पॅकेट तिथं पोहोचलं, आता त्याला गोकुळ शिरगावच्या टनेलमध्ये वळवायचं आहे. फायरवॉल नियम बघते: व्हीपीएनकडून शिरोलीच्या नेटवर्कला परवानगी आहे, पण व्हीपीएनकडून दुसऱ्या टनेलला? तसा नियम कुणी लिहिलेलाच नसतो, आणि जे लिहिलेलं नाही ते बंद, हा फायरवॉलचा धर्मच आहे. शिवाय इथं एक गंमतीशीर वळण आहे. पॅकेट इंटरनेटच्या तारेवरून आत आलं आणि त्याच तारेवरून पुन्हा बाहेर जाणार, कारण दोन्ही टनेल त्याच लाइनवर आहेत. काही फायरवॉलना हे मुळातच मान्य नसतं. सिस्कोच्या एएसए मालिकेत आलेल्याच इंटरफेसवरून परत पाठवायला वेगळी परवानगी द्यावी लागते. लिनक्सचा साधा सर्व्हर व्हीपीएनसाठी वापरत असाल, तर त्याच्यावर एका जाळ्यातून दुसऱ्या जाळ्यात पॅकेट पुढं ढकलायची सोय सुरुवातीला बंद असते. ती चालू करावी लागते.

तिसरी पायरी म्हणजे दोन प्लॅन्टमधला टनेल, आणि इथं भलेभले चकतात. आयपीसेक टनेल म्हणजे मोकळी पाइपलाइन नव्हे. तो टाकताना दोन्ही टोकांनी एक करार केलेला असतो: या बाजूचं १९२.१६८.१०.० आणि त्या बाजूचं १९२.१६८.२०.०, यांच्यामधलीच वाहतूक आत जाईल. फायरवॉलच्या स्क्रीनवर याला फेज टू सिलेक्टर म्हणतात. ताईंच्या पॅकेटवर पाठवणाऱ्याचा पत्ता आहे १०.८.०.६. तो या करारात बसत नाही, म्हणून पॅकेट टनेलच्या तोंडापाशीच गळून पडतं. टनेल हिरवा, दोन्ही बाजूचं नेट चालू, तरी पॅकेट जात नाही, ते यामुळं. उपाय एकच: १०.८.०.० आणि १९२.१६८.२०.० अशी दुसरी जोडी करारात वाढवायची, आणि ती दोन्ही टोकांना, आरशातल्यासारखी उलट-सुलट. एका बाजूला वाढवून दुसऱ्या बाजूला राहिली, तर ती जोडी उभीच राहत नाही. दोन्ही प्लॅन्टची फायरवॉल वेगवेगळ्या माणसांकडं असेल, तर त्या दोघांना एकाच वेळी फोनवर घ्या. एकानं सकाळी आणि दुसऱ्यानं संध्याकाळी बदल केला, की मधल्या वेळेत कुणाचं काय चुकलं हे शोधणं अवघड जातं.

दोन प्लॅन्टमध्ये वायरगार्ड असेल तर हीच गोष्ट वेगळ्या कपड्यात भेटते. तिथली 'अलाउड आयपीज' ही ओळ दोन कामं करते: बाहेर जाताना राउट म्हणून आणि आत येताना तपासणी म्हणून. गोकुळ शिरगावच्या बाजूला शिरोलीच्या नावापुढं १०.८.०.०/२४ लिहिलेलं नसेल, तर तिथं पोहोचलेलं पॅकेटही आतून फेकून दिलं जातं आणि उत्तरालाही वाट मिळत नाही.

आता चौथी पायरी, परतीची. पॅकेट १९२.१६८.२०.१५ ला पोहोचलं. सर्व्हरनं उत्तर तयार केलं, त्यावर पत्ता १०.८.०.६. सर्व्हरला ही रेंज माहीत नाही, म्हणून तो आपल्या गेटवेला, १९२.१६८.२०.१ ला देतो. गेटवेच्या टेबलात १०.८.० ची ओळ नसेल तर तो उत्तर इंटरनेटकडं सोडतो. संपलं. गोकुळ शिरगावच्या फायरवॉलवर "१०.८.०.०/२४ शिरोलीच्या टनेलकडे" अशी ओळ हवी, काही फायरवॉल वरच्या करारावरून ती स्वतः बनवतात, काहींवर हातानं लिहावी लागते.

हे डोळ्यांनी बघता येतं आणि बघावंच. जवळपास प्रत्येक फायरवॉलवर पॅकेट कॅप्चरची सोय असते. ताईंना घरून सतत पिंग (ऐकू येतंय का, अशी छोटी हाक) चालू ठेवायला सांगा आणि गोकुळ शिरगावच्या फायरवॉलवर १०.८.०.६ एवढाच आयपी गाळून बघा. काहीच दिसलं नाही, तर दोष अलीकडं, शिरोलीत किंवा करारात. टनेलमधून प्रश्न येतोय आणि उत्तर इंटरनेटच्या तारेवर जाताना दिसतंय, तर राउट नाही. प्रश्न आत सर्व्हरकडं जातोय आणि सर्व्हर गप्प आहे, तर दोष सर्व्हरवर. इथं तर्क लढवत बसण्यापेक्षा पाच मिनिटांचं कॅप्चर कधीही चांगलं.

सर्व्हर गप्प राहण्याची कारणं दोन. एक, विंडोजची स्वतःची फायरवॉल. पिंग किंवा फाइल शेअरिंगसाठी तिचे नियम बरेचदा "फक्त आपल्याच सबनेटमधून, म्हणजे रेंजमधून," एवढेच उघडे असतात, १०.८.० तिला परकं. म्हणून पिंग आलं नाही म्हणजे रस्ता नाही असं समजू नका, जो पोर्ट (सर्व्हरवरचं त्या सेवेचं दार) लागणार आहे तोच तपासा. दुसरं कारण कारखान्यांत जास्त भेटतं. सीएनसीचा कंट्रोलर, फर्नेसचा पीएलसी (मशीन चालवणारा छोटा संगणक), जुना डीव्हीआर (कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर), यांच्या सेटिंगमध्ये आयपी आणि मास्क (रेंज किती मोठी ते सांगणारा आकडा) भरलेला असतो, पण गेटवेचा रकाना रिकामा. मशीन बसवणाऱ्याला तेव्हा त्याची गरजच नव्हती. असं मशीन आपल्या रेंजबाहेरच्या कुणालाही उत्तर देऊ शकत नाही, तुम्ही बाहेर कितीही राउट टाका.

यावर एक आडवाट आहे, नॅट. गोकुळ शिरगावच्या फायरवॉलवर असं सांगायचं, की १०.८.० कडून येणारी पॅकेट आत सोडताना त्यावर पाठवणारा म्हणून तुझाच पत्ता, १९२.१६८.२०.१, लिही. मशीनला वाटतं शेजारीच विचारतोय, आणि ते उत्तर देतं. हीच युक्ती शिरोलीत केली, म्हणजे घरून आलेल्यांना १९२.१६८.१०.१ चा मुखवटा चढवला, तर गेटवे भरलेल्या मशीनसाठी गोकुळ शिरगावला काहीच बदलावं लागत नाही. जुना करारही चालतो, परतीचा राउटही असतोच. पलीकडचं नेटवर्क आपल्या हातात नसेल, ग्राहकाचं किंवा दुसऱ्या कंपनीचं असेल, तर हा मार्ग बरोबर आहे. पण दोन्ही प्लॅन्ट आपलेच असताना केवळ सोपं म्हणून नॅट करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पलीकडच्या नोंदींत मग सगळी माणसं एकाच आयपीनं दिसतात. कुणी कधी काय उघडलं हे तिथं कळत नाही. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं काढलेल्या निर्देशांत कंपन्यांनी आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपाव्यात असं आहे. त्या नोंदींत माणूसच ओळखू येत नसेल, तर त्या जपून हाती काय लागणार?

रेंज एकमेकींवर चढल्या असतील तर मात्र वरचं काहीच लागू पडत नाही. शिरोली १९२.१६८.१.०, गोकुळ शिरगाव १९२.१६८.१.० आणि राजारामपुरीतलं घरही १९२.१६८.१.०, हे फार ठिकाणी आढळतं, कारण राउटर डब्यातून काढला की तोच आकडा येतो. घर आणि प्लॅन्टचा आकडा एक असेल, तर लॅपटॉपला ते मशीन घरातच आहे असं वाटतं आणि तो बाहेर जाण्याचा विचारच करत नाही. यावर नॅटचे उपाय आहेत, पण खरा इलाज रेंज बदलण्याचा. एखादी सोमवारची साप्ताहिक सुट्टी त्यासाठी काढा. प्लॅन्टला १०.२१.०.०, १०.२२.०.० असे कुणाच्या घरात नसणारे आकडे द्या. प्रिंटर, हजेरीचं मशीन, कॅमेरे यांचे हातानं भरलेले आयपी आधी कागदावर उतरवून घ्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर हजेरीला रांग लागते.

सगळं जुळून आलं तरी दोन किरकोळ अडथळे उरतात. आयपीनं उघडतं पण नावानं उघडत नाही, तर तो डीएनएसचा, म्हणजे नावावरून आयपी शोधून देणाऱ्या सोयीचा, प्रश्न. व्हीपीएन जोडताना कारखान्याचा डीएनएस सर्व्हर दिला जातोय का ते बघा. आणि पिंग येतं, लॉगिनचं पान येतं, पण मोठी फाइल किंवा रिपोर्ट अर्ध्यात अडकतो, तर ते पॅकेटच्या आकाराचं. नेहमीच्या जाळ्यात पॅकेट १५०० बाइटचं असतं. प्रत्येक टनेल त्यातली थोडी जागा स्वतःसाठी घेतो, इथं तर एकामागून एक दोन टनेल आहेत. फायरवॉलवर टीसीपीचा एमएसएस (एका पॅकेटमधल्या डेटाची कमाल मर्यादा) १३५० च्या आसपास आणला की बहुतेक वेळा वाट मोकळी होते. टॅलीचा डेटा मात्र शेअर्ड फोल्डर म्हणून टनेलमधून उघडू नका. फार संथ चालतो आणि जोडणी मधेच तुटली तर डेटा बिघडण्याची भीती. रिमोट डेस्कटॉपनं तिथल्या कॉम्प्युटरवर जाऊन टॅली तिथंच चालवा.

शेवटी परवानगीबद्दल. रस्ता उघडताना घाईत "व्हीपीएनकडून गोकुळ शिरगावला सगळं चालू" असा नियम लिहिला जातो आणि तसाच राहतो. त्या नेटवर्कवर वितळत्या लोखंडाची फर्नेस चालवणारा पीएलसी असू शकतो. कुणा एकाच्या घरच्या लॅपटॉपला व्हायरस लागला, तर त्याची वाट थेट तिथपर्यंत झाली. म्हणून अकाउंटंट ताईंना १९२.१६८.२०.१५ हा एकच सर्व्हर आणि त्यावरचा रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ हा एकच पोर्ट द्या. मेंटेनन्सच्या इंजिनिअरला त्याची दोन मशीन. बाहेरून येणाऱ्या मशीन कंपनीच्या माणसाला काम असेल तेवढ्या तासांपुरतं, आणि काम झालं की त्याचं युजर बंद. पासवर्डसोबत मोबाइलवरचा ओटीपी सगळ्यांनाच, मालकांनासुद्धा.